नाव घ्या, वेळेत घ्या : कॉमिक संमेलनांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
कॉमिक संमेलनांच्या सर्व आयोजन समित्या

सप्रेम नमस्कार.

गेल्या संमेलनात दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका टेबलापाशी जवळजवळ तासभर उभी होते. टेबल सभागृहाच्या अगदी मागच्या अंगाला, सामान आत आणायच्या दाराजवळ. तिथे बसलेले चित्रकार पंच्याऐंशीच्या घरातले. उजवा खांदा आखडलेला, हात फिरत नव्हता, म्हणून ते कागद फिरवत होते. डाव्या हाताने कागद हळूहळू वळवायचा, पेन जागच्या जागी, आणि निबेखालून सुपरहिरोच्या केपची, म्हणजे पाठीवरच्या झग्याची, लांब वळणदार रेघ बाहेर यायची. मी तीस वर्षं कॉमिक्स वाचते आहे, पण रेघ उमटताना इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

शेजारच्या रांगेची दोरी त्यांच्या टेबलाच्या पायाला बांधली होती. रांग एका नटाच्या सहीसाठी होती. तो नट पडद्यावर जे पात्र साकारतो, त्या पात्राची कितीतरी पानं या माणसाने एकेकाळी महिन्याच्या महिन्याला काढून दिलेली. रांगेतली पोरं दोरीपलीकडून वाकून बघत होती, पण रांग सोडायची कुणाची तयारी नव्हती. त्यांचा तरी काय दोष? हे आजोबा कोण, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी त्यांचा सत्कार झाला. चार मिनिटं. नाव चुकीचं उच्चारलं गेलं, ते एक वेळ समजून घेता येईल. पण मागच्या पडद्यावर त्यांचं म्हणून जे चित्र झळकत होतं, ते दुसऱ्याच चित्रकाराचं होतं. त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं, स्मृतिचिन्ह हातात घेतलं आणि उतरायला लागले. मंचाच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. एका स्वयंसेवक मुलीने धावत जाऊन हात दिला.

त्या एका समितीवर राग काढायला हे पत्र लिहीत नाहीये. तिथली मंडळी तीन दिवस धड जेवलीही नसतील. मला बोलायचंय ते सगळ्यांशी, कारण ज्येष्ठांचा सन्मान म्हणजे कार्यक्रमपत्रिकेतली एक रिकामी जागा भरणं, असं हळूहळू सगळीकडेच होत चाललंय. आणि पडद्यावरच्या त्या चुकीच्या चित्राने मला रात्रभर झोप लागली नाही, त्याला कारण आहे. ज्या व्यवसायात माणसांनी आयुष्यभर स्वतःच्या नावाविना काम केलं, तिथे सन्मानाच्या दिवशीच त्यांच्या जागी दुसऱ्याचं काम दाखवणं ही साधी तांत्रिक चूक राहत नाही.

जुन्या कॉमिक्सचे अंक उघडून बघा. अमेरिकेत १९४० आणि ५० च्या दशकांत निघालेल्या हजारो अंकांत लेखकाचं नाव नाही, पेन्सिलच्या चित्रावर शाई करणाऱ्याचं नाही, अक्षरं काढणाऱ्याचं नाही, रंग ठरवणाऱ्याचं तर नाहीच. कार्ल बार्क्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९६६ पर्यंत डोनाल्ड डकच्या जगातल्या गोष्टी लिहिल्या आणि काढल्या. अंकल स्क्रूज हे पात्र त्यांचं, १९४७ सालचं. अंकावर नाव मात्र एकट्या डिस्नेचं. तरीही वाचक पोरांनी हात ओळखला. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून ती त्यांना नुसतं ‘बदकं छान काढणारा’ म्हणायची. १९६० च्या सुमारास काही चाहत्यांनी चिकाटीने चौकशी करून नाव शोधून काढलं आणि त्यांना पत्रं लिहिली. बार्क्स तोवर साठीला टेकले होते. आपलं काम ओळखणारं कुणी आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळवलं ते या वाचकांनी.

म्हणूनच सन्मान करायचा तर कलाकार आणि जुने चाहते एकाच मंचावर हवेत, असं माझं ठाम मत आहे. दोन वेगळे कार्यक्रम नकोत, मोठा आणि छोटा पुरस्कार नको. या दोघांची गोष्ट एकच आहे.

बिल फिंगर यांचंच बघा. १९३९ मध्ये बॅटमॅन आला तेव्हा त्याची पहिली गोष्ट फिंगर यांनी लिहिली, त्याच्या पोशाखात आणि एकूण रूपात त्यांनी मोठे बदल सुचवले, पुढे पंचवीस वर्षं ते त्याच्या गोष्टी लिहीत राहिले. श्रेय मात्र करारानुसार एकट्या चित्रकार बॉब केन यांचं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांनी भरवलेल्या एका संमेलनात फिंगर यांना चर्चासत्रासाठी बोलावलं गेलं. ना कुठला पुरस्कार, ना स्मृतिचिन्ह. एक खुर्ची, एक माइक आणि समोर मन लावून ऐकणारे मोजके लोक. त्या लोकांत जेरी बेल्स नावाचे चाहते होते. फिंगर यांच्याशी बोलून त्यांनी लेख लिहिला आणि बॅटमॅनमध्ये फिंगर यांचा वाटा किती मोठा, हे पहिल्यांदा स्पष्ट मांडलं. केन यांनी चिडून चाहत्यांच्या एका मासिकाला लांबलचक पत्र पाठवलं आणि सगळं नाकारलं. १९७४ च्या जानेवारीत फिंगर गेले, साठीसुद्धा गाठली नाही. १९८९ मध्ये केन यांनी आत्मचरित्रात कबूल केलं की फिंगर यांना मिळायला हवं होतं ते श्रेय कधी मिळालं नाही. आणि ‘बिल फिंगर यांच्यासह’ हे शब्द बॅटमॅनच्या अधिकृत श्रेयात यायला २०१५ साल उजाडलं.

पन्नास वर्षं लागली, पण सुरुवात झाली ती त्या खुर्चीपासून. १९६५ मध्ये कुणी तरी ‘याला कोण ओळखतं, गर्दी येणार नाही’ असं म्हणून त्यांचं नाव खोडलं असतं, तर बेल्स यांना तो लेख कशाच्या आधारावर लिहिता आला असता? तुमच्या संमेलनातलं एखादं चर्चासत्र पुढे पुरावा ठरू शकतं. वेळापत्रक आखताना एवढं डोक्यात ठेवा, हीच माझी कळकळ आहे.

२००५ पासून अमेरिकेतल्या सान दिएगोच्या कॉमिक संमेलनात बिल फिंगर यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. चित्रकार जेरी रॉबिन्सन यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला, आणि ज्यांच्या लेखनाला हवी तशी दाद मिळाली नाही अशा लेखकांसाठी तो आहे. त्यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे तो हयात लेखकालाही देतात आणि दिवंगत लेखकालाही. पहिल्या वर्षी सुपरमॅनचे लेखक जेरी सीगल यांना मरणोत्तर आणि आर्नल्ड ड्रेक यांना हयातीत. ड्रेक तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते, दोन वर्षांनी गेले. त्यांना निदान स्वतःच्या हातात घेता आला.

सीगल यांचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते. सीगल आणि चित्रकार जो शुस्टर या दोघांनी सुपरमॅनचे हक्क १९३८ मध्ये १३० डॉलरना दिले. १९७५ मध्ये सीगल कारकुनी करत होते आणि शुस्टर यांना जवळजवळ दिसेनासं झालं होतं. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या सहव्यावसायिकांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे वर्षाला २०,००० डॉलरचं निवृत्तिवेतन आणि सुपरमॅनच्या प्रत्येक गोष्टीवर दोघांची नावं असं मान्य झालं. पैसे मोलाचे होतेच. पण ‘निर्मिती : सीगल आणि शुस्टर’ ही ओळ परत आली, याचं त्यांना काय वाटलं असेल, ते शब्दांत सांगणं मला जमणार नाही.

आता चाहत्यांकडे येते. त्यांच्याविषयी आयोजक सहसा दोन वाक्यांत उरकतात, म्हणून मी जरा रेंगाळणार आहे.

१९६१ च्या मार्चमध्ये जेरी बेल्स यांनी ‘ऑल्टर-इगो’ या चाहत्यांच्या मासिकाचा पहिला अंक काढला. रॉय थॉमस तेव्हा त्यांचे पत्रमित्र. अंक छापला स्पिरिट डुप्लिकेटरवर. ते यंत्र ज्यांनी पाहिलंय त्यांना तो जांभळा रंग आणि नाकात जाणारा स्पिरिटचा वास आठवेल. मूळ कागदावरची शाई प्रत्येक प्रतीगणिक थोडी थोडी संपत जायची, त्यामुळे शेवटच्या प्रती हाती यायच्या तोवर अक्षरं फिकट होत जायची. थोड्याच प्रती निघायच्या, आणि त्या कुणाला पाठवायच्या? संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी त्याच सुमारास डीसी या प्रकाशन संस्थेच्या अंकांत वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. श्वार्ट्झ स्वतः तरुणपणी विज्ञानकथांचे चाहते, १९३२ मध्ये त्यांनी मित्रांसोबत चाहत्यांचं मासिक काढलेलं. त्या छापील पत्त्यांवरून एका गावातल्या एकट्या वाचकाला दुसऱ्या गावातला एकटा वाचक सापडला. या क्षेत्रातले चाहते एकमेकांना भेटले ते असे.

त्यानंतर १९६४ च्या जुलैमध्ये बर्नी बुबनिस या पोरसवदा चाहत्याने आपल्या मित्रांना घेऊन न्यूयॉर्कमध्ये एका दिवसाचा मेळावा भरवला. जेमतेम काही डझन माणसं आली. स्पायडर-मॅनचे चित्रकार स्टीव्ह डिट्को तिथे येऊन गेले. १९७० मध्ये शेल डॉर्फ आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी सान दिएगोला तीन दिवसांचं संमेलन घेतलं, तेव्हा सुमारे ३०० लोक जमले. पाहुण्यांत चित्रकार जॅक कर्बी आणि विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरी. आज तिथे सव्वा लाखाहून जास्त माणसं जातात. जपानमध्ये १९७५ च्या डिसेंबरात पहिलं कोमिकेट, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचं संमेलन, झालं, चाहत्यांचे ३२ गट आणि जवळपास ७०० लोक. त्याच्या संस्थापकांपैकी एक योशिहिरो योनेझावा. ते २००६ मध्ये गेल्यावर त्यांनी जमवलेल्या पुस्तकांचं मेजी विद्यापीठात ग्रंथालय झालं. कुणी तरी आधी खिशातून पैसे घालून सभागृह घेतलं, म्हणून तुम्ही आज ‘आयोजक’ आहात. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुमच्या वंशावळीत कोण कोण आहे, ते आठवावं म्हणून लिहितेय.

आणि बिल ब्लॅकबियर्ड! हे नाव घेतलं की माझे हात आपोआप जोडले जातात. अमेरिकेतली ग्रंथालयं जुनी वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवून मूळ बांधीव खंड काढून टाकत होती. मायक्रोफिल्म काळीपांढरी, त्यात रविवारच्या रंगीत पुरवण्यांचा जीवच जायचा. ब्लॅकबियर्ड यांना ते खंड हवे होते, पण ग्रंथालयांना ते खासगी माणसाला देता येईनात. म्हणून त्यांनी १९६८ मध्ये सान फ्रान्सिस्कोत संस्थाच काढली आणि आपलं राहतं घर कागदांनी भरून टाकलं. स्वयंपाकघर सोडलं तर सगळीकडे वर्तमानपत्रं, असं तिथे जाऊन आलेले सांगत. वर्षानुवर्षं ते वर्तमानपत्रांतली एकेक चित्रपट्टी कापून क्रमाने लावत राहिले. १९९८ मध्ये तो संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाने घेतला तेव्हा तो हलवायला सहा मोठे ट्रक लागले. वजन सुमारे ७५ टन. जुन्या चित्रपट्ट्यांचे जे देखणे खंड आज आपण मांडीवर घेऊन वाचतो, त्यातल्या कितीतरींची मूळ पानं या घरातून गेली आहेत. २०११ मध्ये ते वारले आणि २०१२ मध्ये कॉमिक्ससाठीच्या आयस्नर पुरस्कारांच्या मानाच्या यादीत, ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, त्यांचं नाव आलं. एका वर्षाने उशीर झाला.

ही ‘एका वर्षाने उशीर’वाली यादी लांब आहे. दर संमेलनात दिवे मंद करून दिवंगतांचे फोटो दाखवतात, तेव्हा मी मनात मोजत असते की यांपैकी किती जणांना बोलवायचं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून राहिलं असेल. रमोना फ्रॅडन यांनी १९५० च्या दशकात, सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये बाई शोधूनही सापडत नसे तेव्हा, वर्षानुवर्षं अ‍ॅक्वामॅन काढला. वयाच्या ९७ व्या वर्षापर्यंत त्या चाहत्यांसाठी चित्रं काढून देत होत्या. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि फेब्रुवारीत त्या गेल्या.

वेळेत झालेलं एक उदाहरणही सांगायलाच हवं. लिली रेने व्हिएन्नाच्या. नाझींपासून जीव वाचवायला किशोरवयात एकटी इंग्लंडला आलेली ज्यू मुलगी, पुढे न्यूयॉर्कला पोहोचली आणि १९४० च्या दशकात फिक्शन हाउस या प्रकाशन संस्थेसाठी ‘सेन्योरिता रिओ’ ही चित्रकथा काढू लागली. सही ‘एल. रेने’ अशी, त्यामुळे वाचकांना वाटे कुणी पुरुष आहे. मग त्यांनी हे क्षेत्र सोडलं आणि जग त्यांना विसरलं. कित्येक दशकांनी ट्रिना रॉबिन्स यांच्यासारख्या, स्वतः चित्रकार आणि इतिहासकार असलेल्या बाईंनी त्यांची कहाणी उजेडात आणली. २००७ मध्ये लिली रेने सान दिएगोच्या संमेलनात पाहुण्या होत्या, वय ८६. २०२१ मध्ये त्या हॉल ऑफ फेममध्ये गेल्या तेव्हा शंभरी पूर्ण झाली होती, आणि पुढच्या वर्षी त्या निवर्तल्या. एवढं सगळं घडलं, कारण कुणी तरी जुन्या अंकातल्या एका सहीपाशी थांबलं आणि ‘ही कोण?’ असं विचारलं.

तुम्ही म्हणाल, भावना ठीक आहेत, पण सभागृहाचं भाडं नटांच्या सह्यांवर निघतं. मान्य. नटांना बोलावू नका, असं मी म्हणतच नाही. त्या रांगेत माझी भाचीही होती. माझं म्हणणं एवढंच की मोठ्या सभागृहातला सकाळी अकराचा एक तास ज्येष्ठांना द्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी, स्टॉल आवरायच्या गडबडीत नको. गर्दीच्या आधी द्या, म्हणजे नटासाठी जागा धरायला आलेली पोरंही बसून ऐकतील. त्यातल्या दहा जणांनी जरी दुपारी त्या टेबलाकडे मोर्चा वळवला तरी खूप झालं.

बाकीच्या गोष्टी कमी खर्चाच्या आहेत, त्यांना फक्त आठवण लागते. मंचावर चढायला उतार करा, निदान कठडा तरी. हात टेकायला बाजू असलेली खुर्ची द्या. प्रेक्षकांतून आलेला प्रश्न मुलाखतकाराने माइकवर पुन्हा म्हणावा, कारण ऐंशीच्या पुढे कान साथ देत नाहीत आणि हॉलमधल्या गोंगाटात तर मुळीच नाही. सोबत येणाऱ्या मुलीचं, मुलाचं, नातवाचं तिकीट आणि राहणं तुमच्याकडे असू द्या. सह्यांना वेळेची मर्यादा घाला आणि ती चाहत्यांना तुम्ही सांगा, त्यांना स्वतःला ‘आता पुरे’ म्हणायला लावू नका. टेबलाचे पैसे घेऊ नका. उलट मानधन द्या, पाकिटात घालून, पहिल्या दिवशी, मागायला न लावता. या पिढीतल्या कित्येकांनी पानामागे ठरलेल्या दराने काम केलं, मूळ पानंसुद्धा त्यांना परत मिळाली नाहीत. खुद्द जॅक कर्बी यांना स्वतःची सुमारे दोन हजार पानं मार्व्हलकडून मिळवायला १९८० च्या दशकात वर्षानुवर्षं झगडावं लागलं, आणि तो त्यांच्या कामाचा लहानसाच हिस्सा होता. अडचणीतल्या कलाकारांना औषधपाण्यापासून घरभाड्यापर्यंत मदत करणारी हीरो इनिशिएटिव्ह ही संस्था २००० पासून काम करते आहे. प्रत्येक तिकिटातला छोटा वाटा अशा कामाला द्यायचं ठरवा आणि तिकिटावर तसं छापा. माझ्यासारखे लोक आनंदाने देतील.

मुलाखत घ्यायला सूत्रसंचालक नको, जाणकार चाहता हवा. ज्याने त्या माणसाचे अंक पंचवीस वर्षं जमवलेत तोच विचारू शकेल की अमुक अंकातल्या शाईचा हात वेगळा का वाटतो, हा चेहरा शेवटी कुणी बदलला, पटकथा आधी यायची की चित्रं. पडद्यावर दाखवायची चित्रंही त्याच्याकडूनच तपासून घ्या, म्हणजे दुसऱ्याचं चित्र कुणाच्या नावावर चढणार नाही. आणि सगळं ध्वनिमुद्रित करा. चांगल्या माइकवर, पूर्ण, आणि एक प्रत कुठल्या तरी ग्रंथालयात ठेवा. बेल्स आणि हेम्स वेअर यांनी १९७० च्या दशकात अमेरिकन कॉमिक्समधल्या माणसांची सूची चार खंडांत काढली, ती टपालाने प्रश्नावल्या पाठवून पाठवून. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे.

अक्षरं काढणारे, रंग करणारे, कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या बायका यांनाही विसरू नका. मारी सेव्हरिन यांनी ईसी या प्रकाशन संस्थेच्या अंकांना रंग दिले तेव्हा ते काम बिननावाचंच मानलं जायचं.

आणखी एक विनंती, थोडी वैयक्तिक आवडीची. निवेदनात ‘दंतकथा’, ‘महानायक’ असले शब्द कमी वापरा. ज्याने महिन्याला पन्नास पानं काढून दिली त्याला त्या पन्नास पानांबद्दल विचारा, रात्री किती वाजेपर्यंत बसायचात ते विचारा. फ्रान्समधल्या आंगूलेमच्या महोत्सवात मानाचा पुरस्कार मिळालेला कलाकार परंपरेने पुढच्या वर्षीच्या महोत्सवाचा अध्यक्ष असतो आणि त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन लागतं. म्हणजे सन्मानाला पूर्ण वर्षभराचं आयुष्य मिळतं. तेवढं जमलं नाही तरी एका भिंतीवर वीस पानं, खाली नीट तारखा आणि सगळ्या सहकाऱ्यांची नावं, एवढं कुठल्याही समितीला जमण्यासारखं आहे.

त्या दिवशी निघताना त्या चित्रकारांनी केपचं ते चित्र माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, “सही राहिली.” ते म्हणाले, “सवय नाही.” आणि मग खुर्ची पुढे ओढून, कागद वळवून, खालच्या कोपऱ्यात पूर्ण नाव लिहिलं.

तुमच्या पुढच्या संमेलनाची पत्रिका छापायला जायच्या आधी मला कळवा. मुलाखतीचे प्रश्न काढायला, चित्रं तपासायला, रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः उतरवून घ्यायला मी येईन, स्वतःच्या खर्चाने. आणि काहीच काम नसेल तर त्या पायऱ्यांपाशी हात द्यायला उभी राहीन.

आपली,
एक जुनी वाचक